घुगरी घातलेला फोटो

मधुमेह निघाला म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि त्याच महिन्यात पुण्याच्या लेकीनं स्वतःचा जुना फोन माझ्याकडे धाडला. नुसतं चालण्याचा मला मनस्वी कंटाळा. मग चालता चालता मी फोटो काढू लागले. यापलीकडे माझ्या या छंदाला काही मोठा इतिहास नाही.

आम्ही लोहाऱ्याला राहतो, यवतमाळच्या कडेला, एमआयडीसीच्या जवळ. पहिल्याच दिवशी नवऱ्यानं विचारलं, "कायले धुळीचे फोटो काढून राह्यली?" त्याचं काही चुकलं नव्हतं. बंद पडलेल्या कारखान्याचं शटर, त्यावर चढलेली रानवेल. जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांतून उडालेला आणि बाभळीच्या काट्यांना अडकून राहिलेला कापूस. पाण्याच्या टाकीची सावली, त्या सावलीत झोपलेली कुत्री. माणूस मध्ये आलं की मी थांबायची, ते गेलं की काढायची. माणसं फोटोत नडतात. हलतात, केस सारखे करतात, कुठं छापणार म्हणून विचारतात. शटर काही विचारत नाही.

पुढे शहरातल्या हौशी लोकांच्या एका ग्रुपात मला कोणीतरी घातलं. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब त्याचे म्होरके होते. दहा खिशांचं जाकीट घालून ते रविवारी सगळ्यांना कुठंतरी न्यायचे, कधी घाटंजीच्या बाजारात, कधी एखाद्या तलावावर. माझी शटरं पाहून ते म्हणाले, मॅडम, भिंती पुरे झाल्या, आता चेहरे आणा. चेहरे म्हणजे त्यांना सुरकुत्या पाहिजे असायच्या. कोणी म्हाताऱ्याचा सुरकुतलेला चेहरा काळापांढरा करून टाकला की ग्रुपावर अंगठ्यांचा पाऊस. माझ्या कापूस अडकलेल्या बाभळीला तीन अंगठे मिळाले होते, त्यातला एक माझ्या लेकीचा. मला राग येई, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी ग्रुपानं ठरवलं की थंडीत शहरात प्रदर्शन भरवायचं, विषय आपल्या जिल्ह्याची माणसं. आपलाही एक फोटो तिथं लागावा असं माझ्या मनानं घेतलं. आयुष्यभर कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारले, भिंतीवर आपलं नाव कधी लागलं नाही. एवढ्याशा हव्यासापायी मी पुढचं सगळं केलं.

आमच्या वळणावर एक बाई टोपलं घेऊन बसायची. दिवाळीच्या सुमारास सीताफळं, थंडीत बोरं, उन्हाळ्यात चिंच. साठीच्या पुढची, काटक. पलीकडच्या बंजारा तांड्यावरून चालत यायची. मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाई. नेसायची साधी सहावारी, पण हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. त्या गोंदणावरून मी एक दिवस विचारलं, मावशी, तुमचे जुने कपडे आहेत का घरी, ते आरसेवाले? ती म्हणाली, पेटीत आहेत. तिथून मी तिच्या मागेच लागले.

महिनाभर मी रोज त्या वळणावर थांबायची. सीताफळं नको असली तरी घ्यायची. आमच्या घरात तेव्हा इतकी सीताफळं झाली की नवरा वैतागला, शुगरवालीनं एवढी खायची असतात का म्हणून. मी त्याला कशाला सांगते की ही सीताफळं खाण्यासाठी नाहीत. मावशी रोज हसून टाळायची. एका दिवशी तिनं टाळलं नाही. रविवारी सकाळी ये म्हणाली, घरी कोणी नसतं.

घरी कोणी नसताना का, हे मी विचारलं नाही. मला वाटलं लाजते.

तिचं घर तांड्याच्या टोकाला होतं. मुलगा, सून आणि नात शेतात गेलेली, कापूस वेचायला. तिनं लोखंडी पेटी उघडली. घागरा, काचळी, ओढणी, सगळं घड्या घालून ठेवलेलं. ती आत जाऊन घालून आली. रोज वळणावर पाय दुमडून बसणारी बाई ती नव्हतीच. मी दारातल्या उजेडात तिला उभी केली आणि चार-पाच फोटो काढले. चांगले होते. पण मला काहीतरी कमी वाटत होतं.

पेटीच्या तळाशी फडक्यात बांधलेलं काही चमकत होतं. मी वाकून पाहिलं. घुगरी होती. केसांच्या बटांना बांधून दोन्ही गालांवर लोंबणारे ते चांदीचे झुपके. घाटंजीकडे माझं लहानपण गेलं. आमच्या शेताला लागूनच तांडा होता. तिथल्या बाया शेजारून गेल्या की तो बारीक आवाज यायचा. मी तो आवाज शेकडो वेळा ऐकला असेल. तो दागिना कोण घालतं आणि कोण घालत नाही, हे मात्र मला कधी कोणाला विचारावंसं वाटलं नाही. आमच्या मंगळसूत्राचा अर्थ त्यांना बरोबर ठाऊक होता.

मी म्हटलं, हीपण घाला. मावशी म्हणाली, "ते राहू दे, बाई."

मी म्हटलं, त्याच्याशिवाय फोटोला मजा नाही. दोन मिनिटांचं काम आहे. तिनं दाराकडे पाहिलं. मग विचारलं, "हा फोटो कोनाले दिसन?"

आमच्या ग्रुपातल्या लोकांना, शहरातल्या, मी म्हटलं. हे खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. तिनं फडकं सोडलं. घुगरी बांधताना तिची गाठ दोनदा सुटली. मला वाटलं वय झालं. घरात आरसा उंचावर होता म्हणून मी फोनचा पुढचा कॅमेरा सुरू करून तिच्यासमोर धरला. ती बराच वेळ स्वतःकडे पाहत राहिली. एका हातानं तिनं गालावरचा झुपका धरला, वाजू नये म्हणून धरावा तसा. मग मी फोन फिरवला आणि ती तशीच बाहेर पाहत असताना फोटो काढला.

तोच तो फोटो. प्रदर्शनात सगळ्यांनी त्याला वाखाणलं. साहेब म्हणाले, डोळ्यांत काय वेदना आहे, मॅडम. मी म्हटलं, उजेड चांगला पडला. त्यांना तो इतका आवडला की त्यांनी तो दाराबाहेरच्या फ्लेक्सवर माणसाहून मोठा करून लावला, खाली माझं नाव. मी त्या फ्लेक्सशेजारी उभी राहून स्वतःचा फोटो काढून घेतला आणि लेकीला पाठवला. त्या दोन दिवसांत मी जेवढी खूश होते तेवढी तिच्या लग्नातही नव्हते.

फ्लेक्स रस्त्यावर होता. तांड्यावरचा एक ऑटोवाला त्या रस्त्यानं रोज जायचा. त्यानं तो पाहिला, फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला.

मावशी वळणावर दिसेनाशी झाली. मला वाटलं सीताफळं संपली, बोरं यायची आहेत. चौथ्या दिवशी ती आमच्या दारात आली. यापूर्वी कधी आली नव्हती. आत या म्हटलं तर आली नाही, पायरीवरच बसली. पाणी दिलं, ते तसंच ठेवलं.

तिनं सांगितलं ते असं. घुगरी नवरा असलेल्या बाईनंच घालायची असते. तिचा नवरा गेला तेव्हा ती विशीची होती. मयत उचलल्यावर बायांनी तिला बसवलं, एकीनं डोकं धरलं, दुसरीनं बटा सोडवल्या. एका बाजूची गाठ सुटेना म्हणून केसासकट कापली. तेव्हापासून ती घुगरी पेटीत होती, सुनेसाठी ठेवलेली. सुनेनं ती एक दिवसही घातली नाही, तिला जड होते. आता तांड्यावरच्या पोरी फोनवर तो फोटो पाहून हसतात. म्हातारी नवरी झाली म्हणतात. मुलगा चार दिवस तिच्याशी बोलला नव्हता. आणि नातीचं लग्न तोंडावर आलं होतं.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला आधी राग आला. माझी आई अशीच, वडील गेल्यावर. माझ्या लग्नात तिनं अक्षता टाकल्या नाहीत, स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहिली. त्याचा मला आजही संताप येतो. मी मावशीला पायरीवर बसवून भाषण दिलं. म्हटलं, मावशी, हे सगळं जुनं झालं, कायले घाबरता, माझ्या आईचंही लोकांनी असंच केलं, आपणच हे मोडलं पाहिजे. बरंच बोलले. लायब्ररीत तीस वर्षं काढल्यावर असलं बोलता येतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग तुले तर ठाऊक होतं."

 तीच पुढे बोलली. खाली पायरीकडे पाहत म्हणाली, "तुह्यावर सगळं नायी टाकत मी. मलेबी पाहाचं होतं, बाई. एकडाव."

सासरी जाताना मुलीनं म्हणायची रडगाणी तिच्याइतकी तांड्यावर कोणाला येत नव्हती. ढावलो म्हणतात त्यांना. लग्न झाल्यावर मुलगी एकेकाच्या गळ्यात पडते आणि ते म्हणत रडते. नातीला ती महिनाभर शिकवत होती. आता आपण मांडवात बसलो तर लोक नातीला सोडून आपल्याकडे पाहतील, असं ती म्हणाली. तिला एवढंच पाहिजे होतं की तो फोटो पुसावा. स्टेटस पुसून टाकायला तिनं ऑटोवाल्याचे पाय धरले होते. त्यानं पुसलं. आता माझाच राहिला.

मी फोन आणला. तिच्यासमोर फोटो उघडला. ती परत एकदा पाहत राहिली. मी कोपऱ्यातलं चिन्ह दाबलं, फोटो गेला. तिनं विचारलं, गेला? मी म्हटलं, गेला. तिनं जिथं फोटो होता तिथं बोट लावून पाहिलं. मग तिनं तो पाण्याचा पेला उचलला आणि पिऊन टाकला. जाताना मला म्हणाली, बरं झालं, बाई.

त्याच संध्याकाळी, दिवा लागायच्या आत, मी फोनच्या ट्रॅशमध्ये जाऊन तो फोटो परत काढला.

मी याला काही मोठं कारण देणार नाही. रूढी मोडायच्या होत्या वगैरे काही नाही. तो मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता. तो जावा असं मला वाटलं नाही, एवढंच.

फ्लेक्सचं साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, फोटोंच्या फाइली प्रदर्शनानंतर पुसल्या, फ्लेक्स चहावाल्यानं नेला, त्याच्या लाकडांवर टाकायला. मी तिथून जाताना पाहिलं. चेहरा आतल्या बाजूला होता, वरून नुसता पांढरा. मागून घेता आला असता. पण मग कशासाठी ते सांगावं लागलं असतं, म्हणून मी चहा न पिताच पुढे गेले. ग्रुपही मी सोडला नाही. फक्त चेहरे काढणं बंद केलं. परत शटरं काढू लागले. साहेबांना वाटलं माझी गाडी घसरली.

लग्न झालं. मला बोलावणं नव्हतं, असणारही नव्हतं. दोन-तीन आठवड्यांनी मावशी चिंचेचं टोपलं घेऊन वळणावर दिसली. मी समोर जायला कचरत होते. तिनंच हाक मारली. आमच्यात पूर्वीसारखं बोलणं सुरू झालं आणि ते मला जास्त लागलं. नात नांदायला गेली म्हणाली. तुम्ही कुठं होता, असं मी विचारलं. ती म्हणाली, घरामागं. मांडवातून नातीचं रडणं ऐकू येत होतं. पोर दोन जागी चुकली, मधली ओळच विसरली. मावशी पदर तोंडात घालून भिंतीमागं बसली होती. फोटोवाला मागं आला तेव्हा तिनं तोंड झाकून घेतलं. सगळ्या लग्नाच्या फोटोंत म्हणे ती एक झाकलेलं गाठोडं आहे. हे सांगून ती स्वतःच हसली आणि मला मूठभर चिंच जास्त दिली.

तेव्हा सांगायला हवं होतं की फोटो अजून माझ्याकडे आहे. आणि मग खरंच पुसायला हवा होता. मी चिंच घेऊन घरी आले.

पावसाळ्यात, पोळ्याच्या आधी तिला ताप आला. आठ दिवसांत गेली. मला ते वळणावरच्या पानठेल्यावर कळलं. मी तांड्यावर गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते.

पाच-सहा दिवसांनी दुपारी तिचा मुलगा आला. चाळिशीचा असेल, डोकं भादरलेलं, टोपी घातलेली. मी त्याला पहिल्यांदा समोर पाहत होते. तोही आत आला नाही, आईसारखाच पायरीपाशी थांबला. 

आईच्या दिवसांच्या कार्यक्रमाला फोटो पाहिजे होता, हार घालायला. आधार कार्डावरचा मोठा केला तर नुसता काळा डाग दिसतो. लग्नातले झाकलेले. दुसरा कोणताच नाही. तो म्हणाला, "याडी सांगत होती, बाईनं पुसला म्हणून. तिच्यासमोर पुसला म्हणे. पण त्या दिवशीचा दुसरा एखादा असन का, साधा? म्हणून आलो."

याडी म्हणजे आई. साधे चार-पाच होते त्या दिवशीचे, घुगरीशिवायचे. ते मी पुसले होते. चांगला एक ठेवला आणि बाकीचे काढून टाकले, तशी आमच्या ग्रुपाची शिकवणच होती. मी क्षणभर नाही म्हणायचा विचार केला. नाही म्हटलं असतं तर तो परत गेला असता, आणि मी तिच्या लेखी खरी राहिले असते.

मी म्हटलं, तोच आहे. मी पुसला नव्हता.

 शिव्या देईल असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फक्त हात पुढे केला. मी फोटो उघडून फोन त्याच्या हातात दिला. तो पायरीवर बसला. उन्हात पडदा दिसेना म्हणून त्यानं टोपी काढून वर आडोसा धरला.

"बाप गेला तवा मी दीड वर्साचा होतो," तो म्हणाला. "याडीले मी अशी पाह्यलीच नव्हती."

नंतर त्यानं दोन बोटांनी चेहरा मोठा केला, आधी डावा गाल, मग उजवा. मग फोन माझ्याकडे दिला आणि खालच्या आवाजात म्हणाला की हे तेवढं काढता येते का. तांड्यावर चार लोक येतील. असा लावता येत नाही.

काढता येत होतं. फोनमध्येच सोय आहे, नको ते बोटानं रंगवायचं की फोन ते गायब करतो. मी अशाच बोटानं आजवर विजेच्या तारा पुसल्या होत्या, मध्ये आलेली कुत्री, उभ्या मोटरसायकली. मी तिच्या डाव्या गालावरचा झुपका रंगवला. गेला. तिथं फोननं आपल्या मनानं पांढुरके केस भरून दिले. उजव्या बाजूला तिनं हातानं धरलेलं होतं. तिथं फोनला जमेना. एकदा बोटं गेली, एकदा गाल विस्कटला. मी परत परत करत होते आणि मुलगा बाजूला उभा राहून पाहत होता. मला त्या बायांची आठवण झाली, एकीनं डोकं धरलं, दुसरीनं बटा सोडवल्या. मला रडू आलं आणि ते त्याच्यासमोर आलं याची लाज वाटली. शेवटी मी फोटो खांद्यापाशी कापला, हातच काढून टाकला, तेव्हा उजवी बाजू सुटली.

राहिला तो एका विधवा म्हातारीचा साधा फोटो. डोळे तेवढे तेच होते. मी त्याच्या फोनवर पाठवला. त्यानं पाहिला, मान हलवली. मी म्हटलं, मोठा करून, फ्रेम करून मी आणून देते. तो नको म्हणाला, तिथल्याच स्टुडिओत करून घेतो.

मग तो निघेल असं वाटलं, पण तो उभाच राहिला. म्हणाला, "आता पहिलेवाला पुसा."

मी त्याला विचारलं, तुला ठेवायचा का आधी, पाठवू का. त्यानं टोपी डोक्यावर घातली. म्हणाला, माह्याजवळ राह्यला तर मी कोनाले ना कोनाले दाखवीन. पुसा.

मी फोन त्याला दिसेल असा धरला आणि कोपऱ्यातलं चिन्ह दाबलं. मावशीसमोर दाबलं होतं तसंच. फोटो गेला.

तो अजूनही पडद्याकडेच पाहत होता.

"ट्रॅशमधूनबी," तो म्हणाला.

त्याला ट्रॅश ठाऊक होता. त्याच्या आईला नव्हता, आणि ते मला त्या दिवशी पक्कं ठाऊक होतं. मी ट्रॅश उघडला. त्यात ती एकटीच होती. मी तिला तिथूनही पुसलं आणि रिकामा पडदा त्याला दाखवला.